तिसऱ्याचा आवाज

कुडचड्याला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे,
सिप्रूचं गॅरेज अजून तांबडं आहे.
खाण बंद पडून वर्षं झाली,
पण पत्र्याच्या पन्हळीत, पान्यांच्या दातांत,
सिप्रूच्या भुवयांतसुद्धा
ती धूळ भाडं न देता राहते.

दहाचाकी टिप्परांच्या जागी आता
माझी दोन दारांची, बुटकी गाडी.
वय एकतीस. डोळे उघडून बघते खरी,
पण डावा दिवा उशिरा उठतो.
बंदरातली नोकरी संपली त्या महिन्यात
एका तारवटीकडून घेतली.
सुलक्षा म्हणाली, या वयात लोक काशीला जातात.

हल्ली उभ्या उभ्या ठेचकाळते,
चढाला खोकते,
वास मात्र पेट्रोलपंपाच्या मालकिणीचा.
प्लग बदलले, कॉइल बदलली.
शेवटी सिप्रू म्हणाला, "बाब, इंजेक्टर."

मग मी महिनाभर इंजेक्टरांशीच संसार केला.
जेवताना ओहम, झोपताना सीसी.
पर्वरीचा एक पोरगा म्हणाला,
"काका, चारशे चाळीसचे घाला, उडेल!"
उडून जायचं कुठे, बाळा?
सावर्ड्याच्या पुढे रस्त्यात म्हशी बसतात.

एक चौकडी डबीतून आली, चकचकीत,
नाव कंपनीचंच, फक्त एक अक्षर जागचं हललेलं.
जपानातून एकाने कळवलं: अस्सल आहेत,
तेवीस वर्षं कपाटात, हातही लागला नाही.
तेवीस वर्षं न हललेल्या रबराचं काय होतं
ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

सिप्रूने जुनं टेबल पुसलं,
डिझेलपंपाच्या चांगल्या दिवसांतलं.
चार काचेच्या नळ्या, मागे ट्यूबलाइट.
आधी माझे जुने चार.
पहिल्यातून धुकं उतरलं, शंकूसारखं.
दुसऱ्यातून तसंच. चौथ्यातून जरा कलतं.
तिसऱ्यातून धार,
नळाचा वायसर गेल्यावर येते तशी.
बावन्न, बावन्न, एकेचाळीस, पन्नास.

"एक कमी देता," सिप्रू म्हणाला,
"म्हणून गाडीचा मेंदू सगळ्यांनाच जास्त ओतायला लावतो."
आमच्या घरातही असंच, मी म्हणणार होतो.
म्हटलं नाही.

मग डबीतले नवे लावले.
साठ, एकोणपन्नास, त्रेपन्न, सत्तावन्न.
चौघं चार गावचे.
सिप्रूने ते परत डबीत भरले,
झाकण लावताना हळूच हसला.

जुने दोन दिवस कंप पावणाऱ्या टबात बुडवले.
चौथा सुधारला. तिसरा
तिसराच राहिला.

तेव्हा सिप्रूने बिस्किटांचा डबा काढला.
आत खिळे, वायसर, कुणाचं तरी सायकलचं कुलूप,
आणि त्याच नंबरचा एक इंजेक्टर,
मडगावला वरातींसाठी भाड्याने फिरलेल्या
एका पांढऱ्या सेडानचा.
धुतला, रिंगा बदलल्या, नळीवर चढवला.
आम्ही दोघं चष्मे पुसून वाकलो.
बावन्न.
नवा नाही, शर्यतीचा नाही, माझ्या गाडीचा तर नाहीच.
पण बावन्न.

गाडी सुरू झाली म्हणे.
म्हणे, कारण तीस वर्षं धक्क्यावरच्या क्रेनींनी
माझे कान आधीच नेले आहेत.
बॉनेटवर हात ठेवला, हाताला बरं वाटलं.
सिप्रूने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक तिसऱ्यावर टेकवलं,
मूठ माझ्या कानामागच्या हाडाला.

टिक टिक टिक टिक.

कानाला वळसा घालून आत आलेला आवाज.
कवटीत कुणीतरी बारीक काम करत बसलंय,
सोनार असेल, किंवा
धाकटी मुलगी वहीवर पेन्सिल आपटत असेल.
पहिला ऐकला, दुसरा ऐकला, चौथाही.
परत तिसऱ्यावर आलो.

"पुरो बाब, इंजिन तापलं."
एकदाच, म्हटलं.
सिप्रूने मूठ परत हाडाला लावली,
आणि दुसऱ्या हाताने
डावा दिवा वर ढकलला.